विटकमची कळ

फॉक्स क्रीक, पेनसिल्व्हेनिया
११ मार्च १९८६

प्रिय थर्मन,

तुझं बाळ सुखरूप पोचलं. काल दुपारी पार्सलवाला सही घेऊन गेला. व्हर्नाने विचारलं, "आता हे कुणाचं लोढणं?" मी म्हटलं, थर्मनचं. "त्याला सांग, आधी डोळ्यांचं ऑपरेशन कर, मग पिस्तुलं घे." निरोप पोचवला. फोनवर सांगणार होतो, पण सैन्यातल्या त्या चाचणीच्या मैदानाने आपल्या दोघांचेही कान खाल्लेत. मागच्या खेपेला मी इथून ओरडतोय, तू तिथून ओरडतोयस, आणि शेजारचा यॉस्ट कुंपणापाशी येऊन विचारतोय, कुणी गेलं का म्हणून. तेव्हा पत्रच बरं.

तू न बघता बोली लावलीस, आणि परराज्यातलं पिस्तूल परवानेवाल्याकडेच पाठवावं लागतं म्हणून आयोवाच्या लिलाववाल्यांनी ते थेट माझ्याकडे धाडलं. म्हणजे तू अजून त्याचं तोंडही पाहिलेलं नाहीस. तर ऐक. रेडिंगर आहे, अस्सल, क्रमांक २१७. तीनशे बनवून कारखाना बुडाला, त्यातलं हे एक. गंज भरपूर. मुठीची एक पट्टी तडकलीय. नळी मात्र आतून चांगली आहे.

आता खुर्ची घट्ट धरून बस. सुरक्षेची कळ उजव्या बाजूला आहे! हो, उजव्या. डावीकडचं कारखान्याचं भोक कुणीतरी बुजवलंय, उजवीकडे नवं पाडून कळ तिकडे बसवलीय. मी पाच मिनिटं हसत होतो. विटकमने कादंबरीत चूक केली आणि त्याच्या कुणा भक्ताने ती चूक लोखंडात उतरवली! काम खेड्यातल्या लोहाराचं वाटतं, पण अगदीच वाईट नाही. काढू की ठेवू? तुझ्या टेबलावर लोकांना हसायला बरं आहे.

घाई करू नकोस. माझे हात हल्ली सकाळी दोन तासच माझं ऐकतात. दुकान या वर्षाअखेर बंद करायचं म्हणतोय. हे शेवटचं मोठं काम समज.

तुझा,
ऑल्विन


डुलुथ, मिनेसोटा
१९ मार्च १९८६

प्रिय ऑल्विन,

अरे लेका, मी इथे एकटाच मोठ्याने हसलो. सिग्ना गेल्यापासून या घरात असा आवाज झाला नव्हता, त्यामुळे माझा मीच दचकलो.

तुला माहीतच आहे, पण मला पुन्हा सांगू दे, म्हाताऱ्याला तेवढी मुभा असते. १९६३. डेल्मर विटकमची तिसरी कादंबरी. त्याचा तो गुप्तहेर हॅडली क्रोन अंधाऱ्या जिन्यात उभा आहे, आणि काय करतो? 'अंगठ्याने रेडिंगरची उजवीकडची कळ खाली दाबतो.' उजवीकडची! मी त्याच दिवशी बंदुकांच्या मासिकाला लिहिलं: 'विटकमसाहेबांनी रेडिंगर पाहिलेलं नाही. पाहिलंच असेल, तर आरशात.' त्या एका ओळीवर मी तेवीस वर्षं जेवतोय रे. महिनाभर लोकांची पत्रं येत होती. आजही संग्राहकांच्या जत्रेत कुणी काही चुकीचं बोललं की म्हणतात, "ही तर विटकमची कळ." रेल्वेच्या मालधक्क्यावर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या नावावर आणखी काय आहे?

ठेवायचं कशाला? काढ ते गळू. कारखान्यातून निघालं तसं कर. आणि असं बुजव की नुसतं बोट फिरवलं तरी पत्ता लागता कामा नये. ऑक्टोबरच्या जत्रेत ते माझ्या टेबलावर मांडायचंय, शेजारी विटकमची पुस्तकं. मग मीही आवरतं घेईन म्हणतो. कपाटात चाळीस पिस्तुलं आणि ओट्यावर एक बशी, असं झालंय सगळं. कंटाळा आलाय.

सरोवर अजून गोठलेलंच आहे. व्हर्नाला सांग, डोळ्यांची तारीख ऑगस्टची मिळालीय.

तुझा,
थर्मन


फॉक्स क्रीक
१४ एप्रिल

थर्मन,

कार्डावर भागवतोय. काम सुरू आहे, छान चाललंय. तपशील विचारू नकोस, पाहशील तेव्हा कळेल. व्हर्ना म्हणते, मी तरुणपणी तिच्यासाठीसुद्धा एवढा जागा राहिलो नव्हतो.

ऑल्विन


डुलुथ
२० मे

ऑल्विन,

हातात कानस असेल तर आधी खाली ठेव. त्या कळीला हात लावू नकोस.

लिलाववाल्यांमार्फत मला एका बाईंचं पत्र आलंय. नाव अर्लीन. पिस्तूल त्यांनीच विकायला काढलं होतं, कारण वडिलांना स्वतःच्या घरी आणलं आणि घरात नातवंडं खेळतात. आता वडील रोज विचारतात, माझं रेडिंगर कुठे आहे. त्यांना परत नकोय, फक्त एकदा हातात धरायचंय. 'आपण कुठे राहता, आम्हाला ठाऊक नाही, पण जमलं तर उपकार होतील,' असं लिहिलंय. वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत. नाव डेल्मर विटकम.

तो जिवंत आहे, ऑल्विन. आणि ते पिस्तूल त्याचं आहे. कुणा भक्ताचं नाही.

अर्लीनबाई लिहितात, वडील अठरा वर्षांचे असताना मका काढायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात गेला. अंगठा आणि दोन बोटं. मग सगळं डाव्या हाताने. त्यांनी १९५१ मध्ये गावच्या लोहाराकडून कळ उजवीकडे बसवून घेतली, कारण डाव्या हातात पिस्तूल धरलं की अंगठा तिकडेच येतो. साधी गोष्ट. तू आणि मी, दोघे मिळून नव्वद वर्षं बंदुका हाताळतोय, आणि आपल्याला डावखुरा माणूस सुचला नाही! सुचला तो भक्त.

पुढची ओळ वाचून मी पत्र खाली ठेवलं. 'तिसऱ्या पुस्तकाची थट्टा झाली, त्यानंतर वडिलांनी काही लिहिलं नाही. धान्याच्या कोठारात हिशेबनीस होते, तिथेच राहिले. थट्टेला उत्तर का दिलं नाही, ते आम्हालाही कधी सांगितलं नाही.'

मी त्यांच्याकडे जाणार आहे. पिस्तूल त्याच्या हातात देणार, माफी मागणार, आणि कळीचा फोटो मासिकात छापायला लावणार. तू यंदा नेहमीसारखा आळशीपणा केला असशील अशी आशा करतो. लगेच कळव.

थर्मन


फॉक्स क्रीक
२७ मे

प्रिय थर्मन,

काळजी करू नकोस. कळीपर्यंत अजून पोचलो नाही. गंजातच अडकलोय. हात फार थरथरतात.

एवढंच. बाहेर व्हर्ना हाका मारतेय.

ऑल्विन


डुलुथ
५ जून

प्रिय ऑल्विन,

देव तुझं भलं करो, आळशी माणसा! पंधरा दिवस मला घास गिळवला नाही. तुझं पत्र आलं आणि शेजारच्या बाईने दिलेल्या बटाट्याच्या पोळ्या लोणी लावून उभ्या उभ्या चार खाल्ल्या.

अर्लीनबाईंना लिहिलं, सप्टेंबरात येतो. मी कोण ते मात्र लिहिलं नाही. नुसतं 'ऑस्बी' एवढं आडनाव लिहिलं. तेवढं धाडस अजून व्हायचंय.

गंज काढ, तेलपाणी कर, बाकी कशाला हात लावू नकोस. जसं आहे तसं हवंय.

तुझा,
थर्मन


फॉक्स क्रीक
११ जुलै

थर्मन,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय. आता जसं येईल तसं पाठवतो.

मी खोटं बोललो. कळ मी २ एप्रिललाच काढली होती. उजवीकडचं भोक भरलं, कानशीने सपाट केलं, डावीकडचं कारखान्याचं भोक उघडलं, आणि पोलादाच्या पट्टीतून नवी कळ हाताने घडवली. तीन आठवडे गेले. वरून निळा-काळा रंग चढवला. रंग असा बसला की मी व्हर्नाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "ऑल्विन, हे तुझं सगळ्यात सुंदर काम आहे." खरंच आहे. चव्वेचाळीस वर्षांत मी इतकं चांगलं काही केलेलं नाही. तुला चकित करायचं होतं म्हणून कार्डावर बोललो नाही.

मग तुझं पत्र आलं.

खोटं का बोललो? वाटलं, पुन्हा उजवीकडे भोक पाडू, जुनी कळ बसवू, कुणाला काय कळतंय. जुनी कळ माझ्याकडे आहे. तुला माझी सवय ठाऊक आहे, काढलेला भाग मी कधी फेकत नाही. तंबाखूच्या डबीत ठेवतो, वर चिठ्ठी लावतो. तर महिनाभर मी तेच करायला बसलोय. तीनदा खूण केली. तीनदा ड्रिल खाली आणलं. तीनही वेळा हात थांबला. थरथरला म्हणून नाही. त्या वेळी गाढव अगदी स्थिर होता.

ते भोक माझं झालं असतं, थर्मन. त्या लोहाराचं नाही, म्हाताऱ्याचं नाही. आणि तू त्या खोट्या भोकाचा फोटो काढून 'हे बघा, खरं' म्हणून छापला असतास. आपण दोघांनी आयुष्यभर ज्यांना चोर म्हटलं, त्यांच्यात मी तुला नेऊन बसवलं असतं. तेवढं शेण मला खाववलं नाही. आधीचं मात्र पोटभर खाल्लंय.

तू म्हणशील तसं करतो. पाड म्हणालास तर पाडेनही.

ऑल्विन


डुलुथ
३० जुलै

ऑल्विन,

पहिले दहा दिवस तुला लिहिलेली सगळी उत्तरं शिव्यांची होती. तीही फाडली. आता दोघांचे फाडलेले कागद सारखेच झाले असतील.

मग तुझी जुनी पत्रं काढली, आणि माझ्या मार्चच्या पत्राची मी ठेवलेली प्रत. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय: बोट फिरवलं तरी पत्ता लागता कामा नये. तू विचारलं होतंस, काढू की ठेवू. गळू मी म्हटलं होतं.

मे महिन्यातलं खोटं मात्र मला लागलं. ते एकच.

भोक पाडू नकोस. पिस्तूल आमच्या इथल्या परवानेवाल्याकडे पाठव, आणि ती डबी वेगळ्या पाकिटात मला.

थर्मन


डुलुथ
१६ सप्टेंबर

प्रिय ऑल्विन,

जाऊन आलो. डोळे नवे झालेत, गाडी मीच चालवली. रस्ताभर मक्याची शेतं. प्रत्येक शेतात ते यंत्र उभं दिसायचं आणि मी नजर काढून घ्यायचो.

अर्लीनबाई भल्या आहेत. दारातच त्यांना सांगितलं की मासिकातलं ते पत्र लिहिणारा मी. त्यांनी दार पुरतं उघडलं, म्हणाल्या, "आत या. कॉफी गार होतेय." विटकम खिडकीपाशी बसला होता. उजवा हात गोधडीखाली. डोळ्यांना फारसं दिसत नाही.

"कुठून आलात?" म्हणाला.

"डुलुथहून."

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. "आरशातले तुम्हीच का?"

ऑल्विन, तेवीस वर्षांनी! मासिकात पत्राखाली गाव छापतात ना, ते त्याच्या लक्षात होतं. मी "हो" म्हटलं.

"चांगली ओळ होती," तो म्हणाला. "मी लेखक होतो. चांगली ओळ मला ओळखता यायची."

मग मी पिस्तूल त्याच्या डाव्या हातात दिलं. रिकामं, गोळी उडवणारी आतली सुई काढलेलं. त्याची बोटं लगेच जागेवर बसली, जुन्या ओळखीच्या माणसाचा हात धरावा तशी. आणि अंगठा कळ शोधायला लागला. उजव्या बाजूवर वर गेला, खाली आला, पुन्हा वर. अगदी सावकाश. तू काम इतकं सुंदर केलंयस रे, की त्या अंगठ्याला बुजवलेल्या भोकाची कडसुद्धा सापडली नाही. मी समोर बसून ते बघत होतो. किती वेळ, सांगता येत नाही. शेवटी त्याने पिस्तूल मांडीवर ठेवलं आणि लहान मुलाची समजूत काढावी तसं मला म्हणाला, "हे माझं नाही हो. तुम्ही उगाच एवढ्या लांब आलात."

मी डबी उघडून कळ त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने अंगठ्याने चाचपली. "ही माझी," म्हणाला, आणि मूठ मिटली.

मग मी सगळं सांगितलं. तुझं, माझं, काही राखून ठेवलं नाही. तो ऐकत होता. म्हणाला, "पण बरोबर तुमचंच होतं. रेडिंगरची कळ डावीकडेच असते. मी टाइप करताना ते डाव्या हातात धरून बघायचो. बाकीच्यांचा अंगठा दुसऱ्या बाजूला असतो, हे डोक्यातच आलं नाही."

मी विचारलं, "मग उत्तर का दिलं नाहीत? एक फोटो पाठवला असतात तर आम्हा सगळ्यांची तोंडं बंद झाली असती."

"फोटो पाठवला असता तर पुढचा प्रश्न आला असता, अशी कळ का बसवली. मग हात दाखवावा लागला असता." तो हसला थोडा. "क्रोनचे दोन्ही हात धड होते. लोकांना वाटायचं, लेखकाचेही असतील. मला ते फार आवडायचं."

अर्लीनबाई स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटतं, त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं.

मी म्हटलं, मासिकाला लिहिणार आहे. तो म्हणाला, "कळीचं लिहा. हाताचं नको." मी शब्द दिला.

तेव्हा फोटो नाही, भोक नाही, कारण सांगायचं नाही. नुसतं लिहिलंय: 'विटकम यांचं स्वतःचं रेडिंगर माझ्याकडे आलं होतं. कळ उजवीकडे होती. चूक माझी होती.' लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे, कारण त्यांना ते बोलायला मीच शिकवलं.

निघताना मी कळ परत मागितली नाही. त्यानेही मूठ उघडली नाही.

जत्रेला यंदा जाणार नाही. मेमधल्या खोट्याचं सोडून दिलंय. आता राग धरायलाही ताकद लागते.

तुझा,
थर्मन


फॉक्स क्रीक
९ डिसेंबर

प्रिय थर्मन,

नोव्हेंबरच्या अंकात तुझं पत्र आलं आणि डिसेंबरच्यात त्यावरची चार. तू वाचली असशील. ओहायोवाल्याचं सगळ्यात वाईट आहे: 'म्हातारपणी ऑस्बीसाहेबांच्या हाती आरसा लागला.' इथे लँकेस्टरच्या जत्रेत परवा एका पोराने कुणाची तरी चूक काढली आणि म्हणाला, "ही तर ऑस्बीची कळ." सगळे हसले. मी हसलो नाही. मी नुसताच उभा राहिलो, आणि तेच मला सहन झालं नाही.

म्हणून मीही मासिकाला लिहिलंय. फेब्रुवारीत छापतील. हाताबद्दल एक अक्षर नाही, तू दिलेला शब्द तो माझाही. एवढंच लिहिलं: क्रमांक २१७ ची उजवीकडची कळ मी पाहिली, जुनी होती, पक्की होती, आणि ती काय आहे हे न विचारता मीच काढून टाकली. खाली पूर्ण नाव, दुकानाचं नाव. पाकिटावर तिकीट लावत होतो तेव्हा व्हर्ना म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षांचं नाव एका तिकिटात घालवतोयस." मी म्हटलं, "माझ्यामागे ते घालवायला दुसरं कुणी आहे का?" पाकीट मात्र टपालात तीच टाकून आली.

लोक तुझ्यावर हसतात तसे माझ्यावर हसणार नाहीत. माझ्याकडे काम द्यायचं थांबतील. तसंही दुकान या शनिवारी बंद होतंय. भिंतीवरची हत्यारं उतरवली, तिथे त्यांच्या आकाराचे पांढरे डाग राहिलेत. व्हर्ना म्हणते रंग देऊ, मी म्हटलं राहू दे.

आवरताना तू परत पाठवलेली तंबाखूची डबी सापडली. रिकामी. वर माझीच चिठ्ठी होती, एप्रिलमध्ये लावलेली: 'कुणा मूर्खाची करामत.' तू ती वाचली असणारच, आणि म्हाताऱ्याच्या लेकीसमोर उघडताना झाकण उलटं धरलं असशील. मला एका शब्दाने बोलला नाहीस.

ती खरवडून काढली. हात बरा चालत होता तेव्हा, सकाळीच, नवी लिहिली. डबी तुझ्याकडे परत पाठवतोय, २१७ च्या शेजारी कपाटात ठेव. आत काही नाही. वर लिहिलंय:

'डेल्मर विटकम यांची कळ. बरोबर जागी होती. काढली: ऑल्विन गेरिस.'

तुझा,
ऑल्विन